एकच कॉर्वेट, दोन रंग: चकाकीमागचा इतिहास

आजचा विषय ऐकायला जरा श्रीमंती वाटेल. गॅरेजमध्ये जपून ठेवलेली जुनी स्पोर्ट्स कार, तिला पॉलिश करायचं आणि वर सिरॅमिक कोटिंग मारायचं. रील्सवर असे व्हिडिओ आपण सगळेच बघतो. फोम पॅड फिरतं, ओरखडे गायब होतात, पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळतात. पण त्या पॅडखाली नेमकं काय घासलं जातंय? हे समजून घ्यायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

१९२० च्या आधी कारला रंग द्यायची पद्धत घोडागाडीचीच होती. ब्रशने व्हार्निशचे थर द्यायचे, प्रत्येक थर वाळायची वाट बघायची, घासायचं, पुन्हा थर. एक गाडी पूर्ण व्हायला आठवडे लागायचे. म्हणजे बघा, असेंब्ली लाइन धावतेय आणि रंगाचा विभाग मात्र ट्रॅफिकमध्ये अडकलाय. फोर्डने १९१४ ते १९२५ मॉडेल टी फक्त काळ्या रंगात दिली, कारण तो भट्टीत भाजायचा काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ होता.

मग आलं ड्यूको. पहिल्या महायुद्धात ड्युपाँट कंपनी बंदुकीच्या दारूसाठी नायट्रोसेल्युलोज बनवत होती. युद्ध संपल्यावर त्याच रसायनापासून स्प्रेने मारता येणारं, झटपट वाळणारं लॅकर तयार झालं. ड्युपाँटची जनरल मोटर्समध्ये मोठी भागीदारी होती. त्यामुळे १९२४ च्या मॉडेलची ओकलंड ही त्यांची गाडी निळ्या ड्यूकोत आली. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि रंगीत गाड्या सामान्यांच्या आवाक्यात आल्या. गंमत म्हणजे हे नाव आपल्याकडे अजून जिवंत आहे. फर्निचर करून घेताना सुतार विचारतो ना, ‘ड्यूको मारायचा का?’ तोच हा शब्द!

आता आपल्या गाडीकडे येऊ, शेव्हरोले कॉर्वेटकडे. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. त्या वर्षी फक्त ३०० गाड्या बनल्या, सगळ्या पांढऱ्या. बॉडी लोखंडी पत्र्याची नाही, फायबरग्लासची. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पुढची अनेक वर्षं कॉर्वेट सेंट लुईसच्या कारखान्यात बनत होती आणि लॅकरने रंगत होती. १९८१ मध्ये उत्पादन केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला हलवलं. काही काळ दोन्ही कारखाने एकाच वेळी चालू होते. सेंट लुईसमध्ये जुनं लॅकर, तर बोलिंग ग्रीनमध्ये नवीन पद्धतीचा इनॅमल: खाली रंगाचा बेसकोट, वर पारदर्शक क्लिअर कोट. म्हणजे वर्ष तेच, मॉडेल तेच, पण वरचं कातडं पूर्ण वेगळं. ओळखायचं कसं? गाडीच्या १७ अक्षरी व्हीआयएन नंबरमधलं अकरावं अक्षर बघा. ‘एस’ असेल तर सेंट लुईस, ‘५’ असेल तर बोलिंग ग्रीन.

पॉलिश करताना हाच फरक महत्त्वाचा ठरतो. पॉलिश म्हणजे वर काहीतरी चढवणं, असा अनेकांचा समज असतो. खरं तर उलट आहे. ओरखडा म्हणजे एक छोटी दरी. पॉलिश करताना आजूबाजूची जमीन खरवडून दरीच्या तळापर्यंत आणतात. मग प्रकाश विखुरत नाही आणि आपल्याला चकाकी दिसते. क्लिअर कोट असेल तर त्याचेच काही मायक्रॉन जातात, रंग सुरक्षित राहतो. क्लिअर नसलेलं साधं रंगीत लॅकर असेल तर पॅडवर गाडीचाच रंग उतरतो. लाल गाडी, लाल पॅड. प्रत्येक पॉलिशला मूळ रंग थोडा कमी होतो.

किती उरलाय ते मोजायचं म्हटलं तर रंगाची जाडी मोजणारे नेहमीचे मीटर धातूच्या पत्र्यावरच चालतात. फायबरग्लासवर ते गप्प बसतात, तिथे अल्ट्रासाउंडचं महागडं यंत्र लागतं. म्हणजे नेमकं जिथे जपून काम करायचं, तिथेच आपण अंधारात.

आता सिरॅमिक कोटिंग. सिलिकॉनवर आधारित द्रव कापडाने लावतात, तो रंगाला घट्ट चिकटतो आणि अगदी पातळ, कडक थर बनतो. पाणी, धूळ, पक्ष्यांची विष्ठा सहज निघते. हे खरे फायदे आहेत. पण जाहिरातीतली ‘नाइन एच’ कठीणता हिऱ्याच्या मोजपट्टीवरची नाही. ती पेन्सिलची आहे! वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली थरावर ढकलून बघतात, त्यातली सगळ्यात कडक म्हणजे नाइन एच. रस्त्यावरच्या वाळूतलं क्वार्ट्झ त्यावर आरामात ओरखडे काढतं.

मुख्य अडचण पुढे आहे. ब्राझीलमधल्या ताडासारख्या झाडाच्या पानांपासून मिळणारं कार्नोबा मेण पुसून काढता येतं. सिरॅमिक काढायचं तर बहुतेक वेळा पुन्हा घासावंच लागतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले बॅकअप घेतल्याशिवाय सर्व्हरला हात लावत नाही. इथे बॅकअपच नसतो. मूळ रंग गाडीला एकदाच मिळतो. दुसऱ्यांदा मारलेला रंग कितीही सुंदर असला तरी तो आजचा असतो, १९८१ चा नाही.

अमेरिकेत १९७४ पासून कॉर्वेट रिस्टोरर्सची एक संस्था आहे. तिचे परीक्षक गाडी किती चमकते यापेक्षा ती कारखान्यातून निघाली तशी आहे का, हे तपासतात. कारखान्याच्या रंगात बारीक दोष असतील, तर ते असणंच बरोबर. जास्तीची चकाकी तिथे गुण मिळवून देत नाही.

माझं मत सांगतो. बोलिंग ग्रीनच्या क्लिअर कोटवाल्या गाडीला हलकं पॉलिश आणि वर सिरॅमिक, खुशाल करा. पुढची अनेक वर्षं घासायची गरज कमी होईल, हा त्यातला खरा नफा. पण सेंट लुईसचं मूळ लॅकर अजून शाबूत असेल, तर मऊ कापड, मेण आणि संयम एवढंच पुरे. बारीक ओरखडे राहू द्या. ते त्या कारखान्यातल्या कामगारांनी मारलेल्या शेवटच्या लॅकरवरचे आहेत. नवी चकाकी बाजारात कधीही मिळेल, ते लॅकर मिळणार नाही.

तुमच्या घरी आजोबांची एखादी जुनी स्कूटर किंवा पद्मिनी असेल, तर तिला हात लावण्याआधी विचारा: हा रंग मूळचा आहे का? उत्तर कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!