माडाचे गोड

दिवाळीच्या फराळावर आज साखरेचे राज्य आहे. पण आपल्या स्वयंपाकघरात साखर ही तशी अलीकडचीच पाहुणी. तिच्याआधी गोडाचा मान गुळाकडे होता. देशावर गूळ म्हणजे उसाचा. कोकणपट्टीत मात्र त्याचा एक धाकटा भाऊ होता, माडाचा गूळ. उसाच्या गुळाला चरक हवा, बैल हवेत, गुऱ्हाळ हवे. माडाच्या गुळाला एक झाड, एक मडके आणि घरची चूल पुरे. या धाकट्या भावाची कहाणी आज वाचकांना सांगावी, असे मनात आहे.

मी फणसवाडीचा राहणारा. तेव्हा या विषयावर माझा थोडा हक्क पोचतो. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी ही गिरगावची नावे नुसती उच्चारली, तरी इथे एके काळी काय होते ते कळते. वाडी म्हणजे बाग, आणि या बागांतले मुख्य झाड माड. बागेला पोर्तुगीज 'ओर्ता' म्हणत. इंग्रजांनी तो शब्द मोडून मुंबईच्या वाड्यांना 'ओर्ट' केले. माडावर चढून रस काढणारे भंडारी या बेटाचे जुने रहिवासी. आज चाळींच्या दाटीत माड शोधावा लागतो; पण पत्त्यातली वाडी काही गेलेली नाही.

मुंबई बेट एके काळी ज्याच्याकडे खंडाने होते, त्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा वनौषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. माडाच्या रसाला लोक 'सूर' म्हणतात आणि त्यापासून गूळ करतात, ही गोष्ट त्याने नोंदवून ठेवली आहे. त्या गुळाला पोर्तुगीज 'जागरा' म्हणत. इंग्रजीतला गुळाचा शब्द त्यातूनच आला, आणि त्याचे मूळ पोचते आपल्या संस्कृत 'शर्करे'पर्यंत. म्हणजे आपलाच शब्द परदेशी पोशाख घालून घरी आला!

कृती सांगायला सोपी, करायला जिकिरीची. माडाची पोय उमलण्याआधी बांधतात, हलके ठोकतात आणि टोकाला रोज पातळ काप देतात. तिथून रस ठिबकतो. संध्याकाळी मडके लावायचे, पहाटे उतरवायचे. रस गोड असतो; शंभर भागांत बारा ते पंधरा भाग साखर. पण हवेतली किण्वे त्याच्यावर टपलेलीच असतात. ऊन चढले की रस फसफसतो आणि दुपारपर्यंत त्याची माडी होते. म्हणून ज्याला गूळ करायचा, तो मडक्याला आतून चुन्याचा हात फिरवतो. चुना आंबण्याला अडवतो. चुना कमी पडला तर रस हातचा जातो, जास्त झाला तर गुळाची चव जाते. मग रस गाळून पसरट कढईत आटवायचा, सारखा ढवळायचा. थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळली की उतरवायचा, घोटायचा आणि करवंटीत ओतायचा. सात-आठ लिटर रसाचा जेमतेम किलोभर गूळ होतो. बाकी सारे वाफेवर जाते, आणि त्यापायी सरपण जळते ते वेगळेच.

गूळ आणि नशा यांत अंतर ते किती? बोटभर चुन्याचे आणि चार-सहा घटकांचे. घरच्या बाईला ठाऊक असलेली ही गोष्ट सरकारदरबारी पोचायला मात्र फार वर्षे लागली. १८७८ सालच्या मुंबईच्या अबकारी कायद्याने झाडाचा रस, मग तो आंबलेला असो वा नसो, 'ताडी'च ठरवला. रस काढायला परवाना आला, कर आला. अशा कराच्या ओझ्याखाली सरपण जाळून गूळ कोण करणार? माडी विकणेच परवडे. कायद्याला दारूपासून उत्पन्न हवे होते. गुळाची त्याला आठवणही नव्हती.

ती आठवण गांधीजींनी करून दिली. १९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, आणि ताडगूळ हा त्याच्या कामांपैकी एक झाला. झाड तोडू नका, त्याच्या रसाचा गूळ करा, असा हा विचार होता. पुढे १९४९ साली मुंबईचा दारूबंदी कायदा झाला. त्यात आंबू न देण्याची तजवीज केलेल्या भांड्यात काढलेल्या रसाला 'नीरा' हे वेगळे नाव मिळाले. मडक्यातला चुना असा कायद्यात शिरला! एकाहत्तर वर्षांनी रस आणि माडी यांची फारकत झाली. मग रेल्वे स्थानकांवर नीरेची केंद्रे उभी राहिली आणि चाकरमान्यांची सकाळ गोड झाली. परवाना मात्र नीरेलाही सुटला नाही. आणि गिरगावच्या वाड्यांत तोवर इमारतींचेच रान माजले होते.

ही विद्या अजून पाहायची, तर गोव्यात जावे. तिथे माडावर चढणाऱ्याला 'रेंदेर' म्हणतात. तिथल्या बाजारात माडाच्या गुळाच्या काळसर, निमुळत्या ढेपा मिळतात. दोदोल त्यावाचून होत नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे गोव्यात पोह्यांचा मान असतो, आणि त्यांतल्या एका प्रकारात गूळ आणि ओले खोबरे पडते. पण माडावर चढणारे हात दरसाल कमी होत आहेत. पोरे शिकली, नोकरीला लागली, यात वाईट काहीच नाही. मात्र झाड उभे असूनही चढणारा नसला, तर त्याची गोडी वरच राहते.

म्हणून, वाचकहो, कोणी आप्त गोव्याहून येणार असेल, तर काजूंबरोबर माडाच्या गुळाचीही एक ढेप आणायला सांगा. थोडी धुरकट, थोडी खारट अशी तिची चव मुलांना चाखवा, आणि आपल्या वाड्यांना वाडी का म्हणतात, तेही सांगा.