आरमारी सत्तेचें ठिकाण : खाडी, लांकूड आणि मुलूख

पश्चिम किनाऱ्यावर एखादें आरमारी राज्य केवळ कल्पनेनें वसवावयाचें झालें, तर त्याची राजधानी कोठें मांडावी, असा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांत मधून मधून निघतो. नकाशा पुढें घेऊन बसणारा मनुष्य प्रथम खोल बंदर शोधूं लागतो. आमच्या मतें हा शोध उलट्या टोंकानें सुरू होतो. मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास पाहिला असतां आरमारी सत्तेचा जीव बंदरापेक्षां बंदरामागील मुलुखांत असतो, असें दिसून येतें.

बंदराचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. कोंकणचा दर्या पावसाळ्याचे चार महिने जवळजवळ बंद असतो. त्या काळांत गुराबा व गलबतें कोठें ठेवावयाचीं, हा पहिला प्रश्न. कुरटें बेट ता. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं निवडून तेथें सिंधुदुर्गाचा पाया घातला, तेव्हां भोंवतालच्या खडकांचा आणि बेटावरील गोड्या पाण्याचा विचार झाला असला पाहिजे. दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरी अद्याप तेथें आहेत. कुलाब्यास तर ओहोटीच्या वेळीं पायीं जातां येतें, तरी इ. स. १७२१ त इंग्रज व फिरंगी मिळून आले असतां त्यांस तो घेतां आला नाहीं. या सर्वांत विजयदुर्गाची जागा आम्हांस सरस वाटते. वाघोटनची खाडी आंत दूरवर गेलेली, तोंडावर किल्ला, आणि जवळच गिर्ये येथें खडकांत खोदलेली आंग्र्यांची गोदी. जहाज बांधणें, दुरुस्त करणें व लपविणें हीं तिन्ही कामें एकाच ठिकाणीं होत.

आतां लांकूड. इ. स. १६५७ त कल्याण-भिवंडी हातीं आली व पुढें लौकरच त्या खाडींत जहाजें बांधण्याचें काम सुरू झालें. मागें सागाचें रान आणि पुढें भरतीचें पाणी, अशी ती जागा. परंतु रान अक्षय नसतें, हें त्या काळच्या राज्यकर्त्यांस चांगलें ठाऊक होतें. रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र इ. स. १७१५ च्या सुमाराचें. त्यांत आरमारासाठीं सागासारखे वृक्ष हुजूरच्या परवानगीनेंच तोडावे, बाकी लागेल तें परमुलुखांतून विकत आणावें, आणि रयतेच्या आंब्या-फणसास हात लावूं नये, असें सांगितलें आहे. हें कलम दयाधर्माचें म्हणून पुष्कळदां उद्धृत होतें. आम्हांस त्यांत जमाखर्चाची दृष्टिही तितकीच दिसते. दुखावलेली रयत बंदराच्या पाठीस राहत नाहीं.

त्याच ग्रंथांतील दुसरा नियम याहून मोलाचा आहे. आरमाराचा खर्च मुलुखाच्या वसुलांतून नेमून द्यावा, बंदराच्या पैदास्तीवर ठेवूं नये. नाहीं तर आरमारी लोक सावकारांस नाडतील आणि बंदर बुडेल. म्हणजे आरमाराचें अन्न जमिनींतून यावें. कान्होजी आंग्र्यांचा इ. स. १७१३ चा बाळाजी विश्वनाथाशीं झालेला करार या दृष्टीनें वाचावा. सरखेलीच्या मानाबरोबर किल्ले व मुलूख त्यांजकडे राहिले, आणि मागचा घाट मित्राच्या हातीं राहिला. इंग्रज विजयदुर्गावर इ. स. १७१७ त व पुन्हां १७२० त आले, वलंदेज १७२४ त आले. तिन्ही वेळां हात हलवीत परतले.

पुढें कान्होजींच्या पुत्रांत वांटणी झाली व तुळाजी आंग्र्यांचें पेशव्यांशीं वैर पडलें. इ. स. १७५५ त पेशवे व मुंबईकर इंग्रज एक झाले आणि सुवर्णदुर्ग गेला. फेब्रुवारी १७५६ त वाट्सनचीं जहाजें खाडीच्या तोंडाशीं आलीं, तेव्हां जमिनीकडून पेशव्यांची फौज उभी होती. एका जहाजास आग लागली आणि किल्ल्याच्या आश्रयास एकत्र बांधून ठेवलेलें सर्व आरमार भस्म झालें. वाट्सनच्या तोफा भारी होत्या, हें खरें. परंतु तेवढ्यावरूनच आरमाराचा नाश झाला म्हणणारांनीं एवढें पाहावें कीं जी खाडी पूर्वी आश्रय देत होती ती मागची वाट तुटतांच पिंजरा झाली. मित्र म्हणून आलेल्या पेशव्यांच्या फौजेनें किल्ला आधीं घेऊं नये यासाठीं क्लाइव्हनें आपलें सैन्य जमिनीवर उतरविलें, यावरूनही मागच्या जमिनीची किंमत इंग्रजांस किती कळत होती तें समजतें.

याच वर्षाच्या ऑक्टोबरांतील तहानें बाणकोटच्या बदल्यांत विजयदुर्ग पेशव्यांस मिळाला. खाडी तीच, गोदी तीच. मुलूख मात्र पुन्हां बंदराशीं जोडला गेला. धुळपांच्या हाताखालीं तेथें आरमार उभें राहिलें व इ. स. १७८३ त त्यानें इंग्रजांचीं जहाजें पाडाव केलीं. हें आरमार आंग्र्यांच्या तोडीचें नव्हतें, असें आमचें मत. तरी एकाच जागेचीं हीं दोन रूपें तुलनेस फार उपयोगी आहेत.

या विषयाची लढायांची बाजू बरीच उजेडांत आली आहे, जमाखर्चाची नाहीं. किनाऱ्यावरील जुन्या घराण्यांच्या रुमालांत सोट, तख्ते, डोलकाठ्या, काथ्या, राळ यांच्या खरेदीच्या यादी अगर सुतारांच्या मजुरीचे हिशेब आढळल्यास ते क्षुल्लक समजून बाजूस टाकूं नयेत. लढाईच्या बखरीपेक्षां अशा चार यादींचें आम्हांस अधिक अगत्य आहे.