खेळ तोच, मैदान नवे

संगणकावर नवी कार्यप्रणाली बसवली, की बाकी सारे सुरळीत चालते. पण वर्षानुवर्षे चाललेला एखादा खेळ मात्र हटून बसतो. आमच्याकडे एका जुन्या खेळाने असा असहकार पुकारला, तेव्हा आम्ही प्रथम तबकडीलाच दोष दिला. तबकडी निर्दोष निघाली. खेळातले एक अक्षरही बदललेले नव्हते. मग बिघडले काय?

उत्तरासाठी थोडे मागे जाऊ. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाने चाले. त्या काळचे काही खेळ वेळ मोजण्यासाठी घड्याळ पाहतच नसत. ठरावीक आकडे मोजून होईपर्यंत थांबायचे, एवढेच त्यांना ठाऊक. पुढे प्रोसेसर वेगवान झाले, आकडे झटपट मोजून होऊ लागले आणि खेळ हाताला आवरेनासे झाले. म्हणून अनेक संगणकांवर ‘टर्बो’ बटण आले. नाव वेगाचे, पण उपयोग मात्र संगणक मंद करण्याचा!

याहून बोलके उदाहरण ‘सिमसिटी’ या शहर वसवण्याच्या खेळाचे. जोएल स्पोल्स्की यांनी ही हकिकत लिहून ठेवली आहे. कोणताही प्रोग्राम कार्यप्रणालीकडून स्मृतीची जागा मागून घेतो आणि काम झाल्यावर परत करतो. सिमसिटी मात्र परत केलेली जागा पुन्हा वाचत असे. समजा, तास संपल्यावर आपण ‘फळा पुसा’ असे सांगितले आणि नंतर त्यावरचीच आकृती पाहून शिकवू लागलो. फळा लगेच पुसला जात नसेल, तोवर आपली चूक कोणाला कळणारही नाही. विंडोजच्या आधीच्या आवृत्तीत नेमके हेच घडत होते. ऑगस्ट १९९५ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज ९५ मध्ये मात्र फळा लगेच पुसला जाणार होता. चाचणीत हे लक्षात आले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने आपल्याच प्रणालीत सोय केली: सिमसिटी चालू असेल, तर परत आलेली जागा तशीच राहू द्यायची.

चूक खेळाची, दुरुस्ती प्रणालीची! कारण उघड आहे. खेळ बंद पडला असता, तर ग्राहकाने नव्या प्रणालीलाच दोष दिला असता. पण अशा सांभाळून घेण्याला मर्यादा असते. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत. तिथे सेटिंग बदलून भागत नाही. २००२ साली आलेल्या ‘डॉसबॉक्स’ने वेगळी वाट धरली. खेळ न बदलता त्याच्याभोवती जुना संगणकच आभासी रूपात उभा करायचा आणि त्याचा वेगही हवा तसा ठेवायचा.

आमचा खेळ अखेर याच मार्गाने सुरू झाला. तोवर आम्ही एकदम चार-चार सेटिंगे बदलून पाहिली होती आणि कशाने काय झाले ते कळत नव्हते. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना आपण काय सांगतो? एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निरीक्षण लिहून ठेवा. खेळ उघडतच नाही, उघडून बंद पडतो की भलत्याच वेगाने पळतो, ही तीन वेगळी लक्षणे आहेत. प्रत्येकाचे कारणही वेगळे असू शकते.

‘आजवर चालले’ म्हणजे ‘बरोबर होते’ असे नव्हे. वर्गातील एखादा जुना शैक्षणिक खेळ अडला, तर तो टाकून देण्याआधी विद्यार्थ्यांपुढे ठेवून पाहावा. हा खेळ न सांगता कशावर विसंबून होता, हे शोधणे हाही एक चांगला प्रयोग आहे.