फटफटीचा आवाज
मराठीने मोटारसायकलला ‘फटफटी’ हे नाव दिले ते तिच्या आवाजावरून. १९५० च्या दशकात बुलेट मद्रासमध्ये तयार होऊ लागली, आणि तिचा संथ ठोका गावोगावी प्रतिष्ठेची खूण ठरला. सायलेन्सरमधील पडदे इंजिनातून सुटणाऱ्या वायूचे धक्के शमवतात. ते काढले की आवाज वाढतो, ताकद मात्र फारशी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार सायलेन्सर सक्तीचा आहे. महाराष्ट्रात पोलिसांनी बदललेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडलेही आहेत. आद्यकवी मुकुंदराजांच्या अंबाजोगाईत वर्गाबाहेर तो कडकडाट उठला की आम्हाला शिकवणे थांबवावे लागते. राग येतो, पण प्रश्नही पडतो : ज्या तरुणाचे कुणी ऐकून घेत नाही, तोच तर असा गर्जत नसेल?