जपानी साहसी ॲनिमेशनपट : सामाजिक प्रतिनिधित्व

(सुमारे १९४५–१९९७). जपानी साहसी ॲनिमेशनपटांमध्ये मूलनिवासी, परकीय, स्त्रिया आणि रुग्ण यांचे चित्रण कसकसे बदलत गेले, याची ही नोंद आहे. दूरचित्रवाणी मालिकांचा विचार येथे केलेला नाही.

मित्सुयो सेओ दिग्दर्शित 'मोमोतारो: उमी नो शिन्पेई' (१९४५) हा जपानी नौदलाच्या पुरस्काराने निघालेला युद्धप्रचारपट. त्यात जपानी सैनिक गणवेशधारी प्राणी आहेत, तर आग्नेय आशियातील स्थानिक लोक जंगलातले प्राणी. सैनिक त्यांना गाण्यातून जपानी मुळाक्षरे शिकवतात. ब्रिटिशांच्या डोक्यावर शिंगे आहेत. रेखाटन लोभस असले, तरी दृष्टी साम्राज्याचीच आहे.

शोतारो इशिनोमोरी यांच्या चित्रकथेवरील 'सायबोर्ग ००९' (१९६६) मध्ये नऊ देशोदेशीचे वीर एकत्र येतात. त्यांतला आफ्रिकी वीर जाड ओठांच्या ठोकळेबाज साच्यातच रेखाटला गेला.

या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची कृती 'होरुस' (१९६८) होय. तोएई स्टुडिओतील इसाओ ताकाहाता यांचे हे पहिले चित्रपट-दिग्दर्शन. काझुओ फुकाझावा यांच्या ज्या कळसूत्री नाटकावरून हा चित्रपट बेतला, त्याचा आधार ऐनू या उत्तरेकडील मूलनिवासींची मौखिक कथा होता. पडद्यावर मात्र ती कथा उत्तर युरोपसारख्या प्रदेशात घडते. राजकीय वाद टाळण्यासाठी हे स्थलांतर झाले, असे सामान्यतः सांगितले जाते. ऐनू पडद्यावरून गेले. गावाने एकजुटीने संकटाला तोंड देण्याचे सूत्र उरले. ताकाहाता आणि त्यांचे सहकारी हायाओ मियाझाकी दोघेही स्टुडिओच्या कामगार संघटनेत सक्रिय असल्याने त्या एकजुटीत संघटनेचे प्रतिबिंब पाहिले जाते. प्रमुख रेखाटनकारांत रेइको ओकुयामा होत्या. स्त्रियांनी लग्न वा बाळंतपणानंतर घरी बसावे, ही अपेक्षा झुगारून त्या कामावर टिकल्या. 'होरुस'च्या इतिहासात ही बाब कथेइतकीच मोलाची आहे. चित्रपट व्यावसायिकदृष्ट्या पडला. पडद्यावरून वगळल्या गेलेल्या ऐनूंना मूलनिवासी मानणारा ठराव जपानच्या संसदेने पुढे २००८ मध्ये केला.

मियाझाकींच्या 'मोनोनोके हिमे' (१९९७) मध्ये नायक आशिताका एमिशी जमातीचा आहे. एमिशी आणि ऐनू यांच्या नात्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. चित्रपटातल्या लोहनगरीत एबोशी ही स्त्री राज्य करते. वेश्यागृहांतून सोडवून आणलेल्या स्त्रिया तिथे भट्टीचा भाता पायाने चालवतात, आणि अंगभर पट्ट्या बांधलेले रुग्ण बंदुका घडवतात. हे रुग्ण रेखाटताना कुष्ठरोगी मनात होते, असे मियाझाकी यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. तोक्यो परिसरातील तामा झेन्शोएन या कुष्ठरुग्णालयाला त्यांनी भेटी दिल्या होत्या. रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवणारा कायदा जपानमध्ये १९९६ मध्ये रद्द झाला, म्हणजे चित्रपटाच्या अवघे एक वर्ष आधी. त्यांना दयेचे विषय न करता कुशल कारागीर म्हणून उभे करणे ही या चित्रपटाची खरी कामगिरी.

'घोस्ट इन द शेल' (१९९५) : नायिका स्त्री, शहर हाँगकाँगच्या धर्तीवर. तेथील सामान्य माणूस मात्र पार्श्वभूमीतच राहतो, त्यामुळे या विषयात या चित्रपटाचे स्थान दुय्यम आहे.