आठ कलांचा फरक

१/ लंबवर्तुळाचे समीकरण हाती आले की त्याची आकृती काढणे, हा आज अकरावीच्या गणितातला नेहमीचा अभ्यास आहे. ग्रहांची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे ज्याने सिद्ध केले, त्या योहानेस केप्लरपाशी मात्र हे समीकरण नव्हते.

२/ त्याच्यापाशी होते ते मंगळाचे वेध. दुर्बिणीपूर्वीच्या काळात टायको ब्राहेने ते वर्षानुवर्षे नुसत्या डोळ्यांनी, भव्य कोनमापक उपकरणांच्या साह्याने घेतले होते. १६०० साली केप्लर त्याचा सहायक झाला. पुढच्याच वर्षी टायको निवर्तला.

३/ केप्लरने आधी वर्तुळच गृहीत धरले. गणित आणि वेध यांत ८ कलांचा फरक उरला. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग; ८ कला म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा. इतरांनी तो सोडून दिला असता. टायकोचे वेध इतके चुकणार नाहीत, याची केप्लरला खात्री होती. त्याने आपलेच गणित मोडीत काढले.

४/ वर्तुळानंतर त्याने अंडाकृती कक्षा तपासली आणि १६०५ मध्ये तो लंबवर्तुळापाशी पोहोचला. सूर्याचे स्थान तिच्या एका नाभीवर ठरले. १६०९ च्या ‘अॅस्ट्रोनोमिया नोव्हा’ या ग्रंथात हे प्रसिद्ध झाले.

५/ वक्ररेषा समीकरणाने मांडण्याची देकार्तची पद्धत छापून आली १६३७ मध्ये, केप्लरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी.

६/ त्या पद्धतीने मंगळाची कक्षा कागदावर काढून पाहावी. दीर्घाक्षाचा अर्धा भाग १० सेंटिमीटर धरला, तर समीकरण होते :
क्ष²/१०० + य²/९९.१३ = १
छेदांची वर्गमुळे घ्यावीत : १० आणि ९.९५६. आडव्या अक्षावर केंद्राच्या दोन्ही बाजूंस १० सेंटिमीटरवर, उभ्या अक्षावर ९.९५६ सेंटिमीटरवर खुणा करून त्या चार बिंदूंतून सलग वक्ररेषा काढावी. छेदांतील फरक ०.८७, त्याचे वर्गमूळ सुमारे ०.९३. आडव्या अक्षावर केंद्रापासून तेवढ्या अंतरावर दोन नाभी. त्यांतल्या एकीवर सूर्य.

७/ आकृती पुरी झाल्यावर ती वर्तुळासारखीच दिसते. उभ्या दिशेने ती वर्तुळापेक्षा अर्धा मिलिमीटरही आत नाही. सूर्य मात्र केंद्रापासून जवळजवळ एक सेंटिमीटर सरकलेला आहे. शिसपेनच्या रेघेत हरवेल एवढा तो चपटेपणा केप्लरने केवळ आकडेमोडीतून हुडकून काढला होता.