चवदार तळ्याचा खटला

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी घरोघर बंब पेटतात. हे पाणी आपल्या दारी कोणत्या हक्काने आले, असा प्रश्न त्या वेळी कोणी विचारीत नाही. परंतु याच महाराष्ट्रात ओंजळभर पाण्याचा हक्क शाबीत करण्यासाठी एका समाजाला नऊ वर्षांहून अधिक काळ न्यायालयाची पायरी झिजवावी लागली. ती हकीकत घरातील लहानथोरांनी एकत्र बसून वाचावी अशी आहे.

महाड हे कोकणातील जुने व्यापारी गाव. आज ते रायगड जिल्ह्यात मोडते. त्या काळी जिल्ह्याला कुलाबा म्हणत. गावातील चवदार तळ्यावर सवर्ण हिंदू पाणी भरीत, मुसलमानांनाही तेथे आडकाठी नव्हती, गुरेढोरेही ते पाणी पीत. अस्पृश्य मानलेल्या माणसाने मात्र तेथे ओंजळ बुडवावयाची नाही, असा शिरस्ता होता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे तो ठराव सांगत होता. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केले, पण कागदावरच! पुढे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेस आलेल्या लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याची ‘शुद्धी’ झाली, आणि ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले. तोच १२ डिसेंबरला काही सवर्ण रहिवाशांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. २५ डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब ठेवण्यात आला. हजारोंचा समुदाय जमला असता, घसे कोरडे असता, न्यायालयाचा शब्द पाळावयाचा हे काही लहानसहान धैर्य नव्हे. आपला हक्क कायद्याने मिळवावयाचा, मग कायदा मोडून कसे चालेल?

वादींचे म्हणणे दुहेरी होते. एक, तळे स्पृश्यांच्या खाजगी मालकीसारखे आहे. दुसरे, अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची चाल फार पुरातन आहे. मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला, दावा मात्र रेंगाळत राहिला. ८ जून १९३१ रोजी निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. वादींनी ठाण्यास अपील केले, ते जानेवारी १९३३ मध्ये फेटाळले गेले. मग ते मुंबई उच्च न्यायालयात गेले.

तेथे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांच्यापुढे सुनावणी झाली. १९२२ साली अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ते हेच ब्रूमफील्ड. तळे नगरपालिकेचे, म्हणून मालकीचा मुद्दा टिकला नाही. उरली ती चाल. आता कायद्याचा दंडक असा, की चालीवर हक्क सांगणाराने ती अनादि काळापासूनची आहे हे शाबीत केले पाहिजे. ‘आमच्या आठवणीत असेच चालत आले’ एवढे म्हणून भागत नाही. ‘पूर्वापार’ या शब्दावर सारा डोलारा उभा होता, आणि नेमका त्याच शब्दाला पुरावा मिळेना! १७ मार्च १९३७ रोजी अपील फेटाळले गेले. तळ्यावरच्या त्या दिवसाला दहा वर्षे पुरी व्हावयास तीनच दिवस उरले होते.

निकाल न्यायाचा झाला खरा. परंतु वाचकहो, त्यातील एक गोष्ट मनाला टोचते. अशी चाल मुळातच गैर व लोकहितास विघातक आहे काय, या प्रश्नात शिरण्याची उच्च न्यायालयाला गरजच पडली नाही. चाल शाबीत होत नाही, एवढ्यावर काम संपले. उद्या कोणी जुना भक्कम पुरावा पुढे आणला असता तर? माणुसकीच्या नात्याने जे मिळावयाचे, ते प्रतिपक्षाच्या पुराव्यातील उणिवेमुळे मिळाले.

न्यायालयापुढे न आलेला तो प्रश्न २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने सोडविला. तिच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष महाडच्या दाव्यातील प्रतिवादी डॉ. आंबेडकरच होते. चालीचे वय कितीही असो, पाणवठ्यावर येणाऱ्या माणसाला तिच्या जोरावर आता कोणी अडवू शकत नाही.